तिसरी सूचना

विषय : बसस्थानकावर माझ्या आवाजातील सूचना वाजवणे तात्काळ बंद करण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरचा माझा अर्ज. २) त्याला अद्याप न आलेले उत्तर.

उपरोक्त विषयास अनुसरून लिहितो की, अर्जात कारणासाठी जेमतेम दीड ओळ जागा होती. तिथे मी 'कौटुंबिक' असे लिहिले. कचेरीच्या कामात हा फार सोयीचा शब्द आहे. मुलीच्या लग्नापासून स्वतःच्या मूळव्याधीपर्यंत सगळे त्यात मावते. माझे मावत नाही. जे उरले ते इथे लिहून ठेवतो. तोंडी सांगितले असते, पण सध्या मी बोलत नाही. ज्या माणसाने उभी हयात बोलण्याचा पगार घेतला त्याने असे वागावे हे विचित्र दिसते, याची मला कल्पना आहे.

१

मी बसस्थानकावर चौकशी खिडकीत कारकून होतो. आत बसलेल्याला काही माहीत नसते आणि बाहेर उभ्या असलेल्याला ते पटत नाही, अशी ती जागा. माइकही माझ्याकडेच असे, म्हणून सहकारी मला भोंगा म्हणत. निरोप समारंभात साहेबसुद्धा भाषणाच्या ओघात 'आपले भोंगे' म्हणून गेले आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

प्रत्येक गाडीच्या तीन सूचना असत. गाडी फलाटाला उभी राहिली की पहिली : 'गाडी लागली आहे.' नंतर दुसरी : 'थोड्याच वेळात सुटेल.' आणि तिसरी : 'गाडी सुटत आहे.' फरक फक्त क्रियापदाचा, पण त्या फरकावर माणसे धावत. पहिली ऐकून लोक चहा मागवत, दुसरी ऐकून चहा बशीत ओतत, आणि तिसरी ऐकून बशी तिथेच टाकून पळत.

आमच्या स्थानकाचा दंडक असा की तिसरी सूचना झाल्याशिवाय चालक गाडी हलवत नसे. गाडी खचाखच भरलेली असो, वाहकाने घंटी दिलेली असो, चालक एक कान भोंग्याकडे लावून बसून राही. आणि तिसरी सूचना देण्याआधी मी खिडकीतून फाटकाकडे बघत असे. एखादी बाई कडेवर पोर घेऊन धावत येताना दिसली, तर तेवढ्यापुरता मला खोकला येई. आयुष्यात मला मिळालेली सत्ता म्हणाल तर एवढीच. ती मी पुरवून पुरवून वापरली.

आमचे घर स्थानकाच्या मागच्या भिंतीला लागून. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की माझा आवाज ओट्यापर्यंत यायचा. ही, म्हणजे माझी बायको, संसारभर तो ऐकत राहिली. मोफत प्रवासाचा पास घरात, भिंतीपलीकडे सगळ्या दिशांच्या गाड्या, आणि हिला गाडी लागते. साधीसुधी नाही. गाडीच्या धुराचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटून डोके धरून बसायची. लग्न होऊन आली ती अर्धी वाट डोके खिडकीबाहेर काढून. त्यानंतर तिने गाडीत पाय ठेवला तो अगदी नाइलाजाने आणि लिंबू हुंगत.

"मला तुमची सगळी गावं पाठ आहेत," ती म्हणायची, "फक्त कशी दिसतात तेवढं ठाऊक नाही."

मी यावर हसत असे. विनोद चांगलाच होता.

२

निवृत्तीच्या आदल्या वर्षी यंत्र आले. आता सूचना संगणक देणार, मात्र आवाज माझाच राहणार, असे ठरले. मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करायला हरकत नाही. पुतळा उभारतात तसे काहीसे वाटले.

ध्वनिमुद्रणासाठी हरवलेल्या सामानाची खोली रिकामी केली. भिंतींवर गोधड्या टांगल्या. हेडफोन घातलेला एक तंत्रज्ञ आला आणि त्याने माझ्या वाक्यांची खांडोळी करायला घेतली. गावांची नावे वेगळी. आकडे वेगळे. 'फलाटावर' वेगळे. 'कडे जाणारी' वेगळे. 'गाडी' वेगळे. क्रियापदे एकेक करून. "पूर्ण वाक्य नको, काका," तो म्हणाला, "तुकडे द्या. जोडायचं काम यंत्र करेल."

सगळे झाल्यावर तो म्हणाला, "आता काहीच बोलू नका. खोलीची शांतता घ्यायचीय."

"शांतता? ती कशाला?"

"दोन शब्दांच्या मध्ये घालायला. नाहीतर तोडल्यासारखं वाटतं."

मग आम्ही दोघे गोधड्यांच्या मध्ये गप्प बसलो. शेजारच्या स्वच्छतागृहातला नळ ठिबकत होता. मी तंत्रज्ञाकडे बघितले. त्याने मान हलवून 'असू द्या' अशी खूण केली. नळाचे थेंब माझ्या शांततेत असे कायमचे जाऊन बसले.

तिसरी सूचना मात्र ध्वनिमुद्रित केली नाही. आमचे तेव्हाचे साहेब शहाणे होते. ते म्हणाले, यंत्राला धावणारा माणूस दिसत नाही. तिसरी सूचना ड्युटीवरचा माणूस माइकवर देईल. तशीच पद्धत पडली. पहिल्या दोन माझ्या आवाजात, तिसरी जो कोणी खिडकीत असेल त्याच्या.

निवृत्त होऊन घरी बसलो आणि ओट्याजवळून स्वतःचा आवाज ऐकू लागलो. पहिल्या दिवशी ही म्हणाली, "नोकरी संपली, बडबड काही संपली नाही. घरात एक आणि भिंतीपलीकडे एक. मी बाई कुठे जाऊ?"

३

सुरुवात एका दुपारी झाली. दुपार ही स्थानकाची पेंगायची वेळ. मोठ्या गाड्या सकाळीच गेलेल्या असतात, संध्याकाळच्या अजून आलेल्या नसतात. मी पेपर वाचत होतो, ही भांडी विसळत होती.

भोंगा करकरला आणि माझा आवाज म्हणाला, "शेवटच्या फलाटावर..."

मग गावाचे नाव यायला हवे. आले नाही. त्या जागी शांतता आली. बरीच लांब, एखाद्या मोठ्या गावाच्या नावाएवढी. तिच्यात नळ ठिबकत होता.

"...कडे जाणारी गाडी लागली आहे."

आधी मला राग आला तो व्याकरणाचा. 'कडे' हे शब्दयोगी अव्यय आहे. त्याला आधी नाम लागते, ते असे एकटे उभे राहू शकत नाही. आणि शेवटच्या फलाटावरून गाडी सुटत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. तिथे भंगारात काढायच्या गाड्या लावतात. यंत्र बिघडले, एवढाच याचा अर्थ. मी पेपरचे पान उलटले.

स्वयंपाकघरातला पाण्याचा आवाज थांबला होता.

"गाडी लागली," ही म्हणाली.

मी उठलो, फ्रिजमधून लिंबू काढले, कापले आणि तिच्यापुढे धरले. "घरात बसून? कुठून धूर आला का?"

तिने लिंबाकडे बघितले, मग माझ्याकडे. "मला नाही लागली. गाडी लागलीय. फलाटाला. ऐकलं नाही का?"

"ऐकलं. यंत्राने गावाचं नाव खाल्लं."

"खाल्लं कुठे? घेतलं की नीट."

"कोणतं?"

तिला हसू आले. "अहो, तुमच्या तोंडून ऐकलं आणि मलाच विचारता?"

ती पुन्हा भांड्यांकडे वळली. नळ तिने मघाशीच बंद केला होता. आता कोरडी भांडी ती एकेक करून विसळत होती. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती.

४

माझा स्वभाव चौकशीचा. दुसऱ्या दिवशी डबलबेलला गाठले. हा आमचा निवृत्त वाहक. दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही ही सवय त्याच्या अंगात इतकी भिनली आहे की लोकांच्या दारावरची घंटाही तो दोनदाच वाजवतो. त्याचा दिवस अजून स्थानकाच्या बाकावरच जातो.

"काल दुपारी शेवटच्या फलाटाची सूचना ऐकलीस?" मी विचारले.

"ऐकली. भोंग्या, तू निवृत्तीनंतर जास्तच पितोस की काय? गावाचं नाव विसरलास!"

म्हणजे कोरी जागा त्यालाही ऐकू आली होती. मला बरे वाटले. यंत्र बिघडले होते, माझे डोके नव्हे.

"गाडी होती का फलाटावर?"

त्याने जरा वेळ विडीकडे बघितले. "मी काही उठून बघायला गेलो नाही," तो म्हणाला. हा माणूस स्थानकात बंद पडलेल्या गाडीला ओढायला साधे टोचन लागले तरी उठून बघायला जातो. मी पुढे विचारले नाही.

नव्या स्थानकप्रमुखांना भेटलो. वयाने माझ्या मुलीएवढे, वागायला अदबशीर.

"फाइल खराब झाली असेल, काका. बघायला सांगतो. पण तुम्ही आलात ते बरंच झालं, मीच बोलावणार होतो. आपल्याला तिसरी सूचनापण यंत्रावर घ्यायचीय. माणूस कमी झालाय खिडकीत. एकच वाक्य हो! पाच मिनिटांचं काम."

"घसा बसलाय," मी म्हणालो.

"बसलाय? चांगला खणखणीत तर आहे."

मी खोकलो. जुनी सवय कामाला आली.

५

हिच्यात काय बदलले ते नेमके सांगता येत नाही. तिने माळ्यावरची बॅग काढली, धुतली, उन्हात ठेवली. "वास येत होता," म्हणाली. साड्यांना इस्त्री केली. घरात ती आता हलकी चालायची. रस्त्यावरून गाडी गेली, धूर आत आला, तरी डोके धरून बसेना. उलट खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि श्वास ओढून घ्यायची.

दुपारी ती दिवाणखान्यातल्या वेताच्या खुर्चीत बसू लागली, भिंतीकडे तोंड करून. एकदा मी दारातून बघत राहिलो. ती स्वस्थ बसली होती, हात मांडीवर. मधूनच तिचे सगळे शरीर एका बाजूला थोडेसे झुकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. मग एकदम पुढे, जरासे, ब्रेक लागावा तसे.

मी स्वतःला समजावले की वय झाले आहे, तोल जात असेल. डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे, आणि बिल माझ्या हातात देऊन माझाच रक्तदाब तपासायला सांगितला.

मुलगी विमानतळावर नोकरी करते, प्रवाशांना विमानात बसवायच्या दारापाशी. शेवटची हाक तीही देते. आमच्या घराण्यात हा धंदा वडिलोपार्जित समजायला हरकत नाही. तिचा फोन आला.

"बाबा, आईला काय झालंय?"

"का?"

"काल म्हणाली, तुझ्या बाबांच्या गोळ्या कपाटातल्या डब्यात आहेत, लक्षात ठेव. कुठे निघालीय का ती?"

"तिला गाडी लागते," मी म्हणालो. वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचा दुसरा अर्थ मला ऐकू आला.

मी विषय बदलावा म्हणून विचारले, "तुमच्याकडे शेवटची हाक कशी देता गं?"

"नाव घेऊन. अमुक प्रवासी, ताबडतोब या. तुमच्यासारखं नुसतं 'गाडी सुटत आहे' नाही. आमच्याकडे माणसागणिक हिशेब असतो."

"आणि तरी कुणी आलंच नाही तर?"

"दार बंद. पण त्याचं सामान आत गेलेलं असलं तर ते आधी उतरवावं लागतं. सामान एकीकडे आणि माणूस एकीकडे, असं विमान सोडत नाहीत. एकदा सामान उतरवलं, की त्या माणसाचा त्या विमानाशी संबंध संपला."

हे मी मनात जपून ठेवले.

६

दुसरी सूचना काही दिवसांनी झाली. अशीच पेंगुळलेली दुपार होती. भोंगा करकरला.

"शेवटच्या फलाटावरून..."

शांतता. मी पेपर खाली ठेवून ऐकले. या वेळी नळ नव्हता. एक घड्याळ होते. टक, मग जरा थांबून टक-टक, मग पुन्हा टक. लंगडे.

आमच्या दिवाणखान्यातले घड्याळ असे चालते. भिंतीवरून एकदा पडल्यापासून ते लंगडते. मी मान वर करून त्याच्याकडे बघितले. भोंग्यातले आणि भिंतीवरचे बरोबर एकत्र पडत होते. शांततेत आणखी एक आवाज होता : वेताची खुर्ची करकरल्याचा. आणि त्याच्याही मागे, कुणीतरी पेपर खाली ठेवल्याचा.

"...कडे जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटेल."

ही खुर्चीत बसली होती. अंगावर इस्त्रीची साडी. पायात चपला. घरात चपला घातलेल्या तिला चालत नाहीत, माझ्यावर यावरून आयुष्यभर ओरडली आहे.

"अगं, कुठे निघालीस?"

"अजून वेळ आहे," ती म्हणाली. "जागेची काळजी नाही. मी खिडकीतून रुमाल टाकून आलेय."

"कधी?"

"तुम्ही दुपारचे घोरत होतात तेव्हा. खिडकीची मिळाली." नव्या साडीबद्दल सांगावे तशी ती सांगत होती. "शेजारची मोकळी आहे अजून. तुम्ही येणार असाल तर सांगा. पण तुम्हाला कुठे यायचं असतं कधी! लोकांना सोडायचं तेवढं ठाऊक."

मी चपला शोधत बसलो नाही. तसाच अनवाणी निघालो. रुमाल उतरवायचा, एवढेच डोक्यात होते. सामान उतरले की संबंध संपला.

स्थानकात बाकावर डबलबेल झोपला होता, किंवा डोळे मिटून होता. शेवटच्या फलाटाकडे जाताना जमिनीवर तेलाचे जुने डाग लागतात. तिथे भंगार गाड्यांच्या रांगेच्या पुढे एक गाडी उभी होती. रंग आमच्या गाड्यांचाच. पाटीची जागा मी बघितली. पाटी होती. तिच्यावर ऊन असे पडले होते की अक्षरे आहेत की नाहीत ते कळत नव्हते. मी जागा बदलून बघितले. ऊनही बदलले.

इंजिन बंद होते, तरी काचा बारीक थरथरत होत्या.

खिडक्यांतून आत बघितले. गाडीत माणूस नव्हता. जागा मात्र धरलेल्या होत्या. एका बाकावर रुमाल, एकावर टोपी, एकावर घडी केलेले वर्तमानपत्र, एकावर लहान मुलाचा मोजा. चष्म्याचे घर. स्वेटर. छत्री. सगळे नीट, मधोमध ठेवलेले. पुढून मागेपर्यंत. सगळ्या गाडीत एकच जागा मोकळी होती. तिच्या शेजारी, खिडकीकडच्या बाकावर, हिचा रुमाल. कोपऱ्यावर इस्त्रीने जळलेला तपकिरी डाग. तो डाग मीच पाडला होता आणि 'आधीपासूनच होता' असे शपथेवर सांगितले होते.

खिडकी उघडी होती. मी हात आत घातला, रुमालाचे टोक धरले आणि ओढले.

आला नाही.

अडकलेला नव्हता. बाक गुळगुळीत होता, कुठे खिळा नाही, फट नाही. मी पुन्हा ओढले. रुमाल ताणला गेला, मधला भाग मात्र हलेना. असे कधी होते ते प्रवास केलेल्या माणसाला सांगायला नको. आपण टाकलेल्या रुमालावर कुणी बसले, की तो असा येत नाही.

मी बोटे पुढे सरकवली. बाकावर ऊन नव्हते. रेग्झिन कोमट होते.

तेव्हा मी पुढे बघितले. चालकाच्या जागेमागे जाळी असते, तिच्यातून फार दिसत नाही. खांदा दिसला. मान थोडी वळलेली. ती माझ्याकडे वळलेली नव्हती, वर, खांबावरच्या भोंग्याकडे होती. आणि एक कान दिसला. चालक तिसऱ्या सूचनेची वाट बघतात तेव्हा त्यांचा कान कसा दिसतो हे मी खिडकीतून आयुष्यभर बघत आलो आहे. मला वाटले, मी आता नुसता खोकलो तरी तो ऐकेल.

मी रुमाल सोडला. श्वाससुद्धा हळू सोडला. घरापर्यंत तोंड मिटून आलो.

ही खुर्चीतच होती. जागची हललेली नव्हती.

"अहो," ती साडी नीट करत म्हणाली, "मघाशी खालून कुणी ओढलं का हो?"

७

रात्री नाही, पण दुपारी मला झोपेत बोलायची सवय आहे, हे मला या वयात कळले. हिने सांगितले, चहा गाळता गाळता, हसत.

"काय छान बोलत होतात! अगदी माइकवर बोलल्यासारखं. 'शेवटच्या फलाटावरून' म्हणालात, गावाचं नाव घेतलंत, 'कडे जाणारी गाडी' म्हणालात, आणि ऐन वेळेला घोरायला लागलात. मी पदर खोचून उभी राहिले होते."

त्या दिवसापासून मी दुपारी झोपत नाही. मग वाटले, झोपेतले तोंड जसे माझे ऐकत नाही तसे जागेपणीचेही ऐकले नाही तर? एखाद्या वाक्याच्या ओघात, सवयीने, ते क्रियापद निघून गेले तर? म्हणून मी बोलणेच बंद केले. घरात पाटी-पेन्सिल ठेवली आहे. ही म्हणते, "पहिल्यांदाच घरात शांतता आहे." शांतता हा शब्द तिने उच्चारला की मला गोधड्या आठवतात.

स्थानकप्रमुखांना मी लिहून कळवले की तिसरी सूचना देणे मला जमणार नाही. त्यांनी फोन केला. मी उचलला आणि ऐकत राहिलो.

"हरकत नाही, काका, त्रास घेऊ नका. तंत्रज्ञ म्हणाला तुमची गरजच नाही. तुमचे तुकडे आहेत ना आपल्याकडे, त्यातूनच वाक्य तयार होईल. हॅलो? काका?"

मी फोन ठेवला आणि पाटीवर मांडून बघितले. दुसऱ्या सूचनेत 'सुटेल' आहे. उशीर झालेल्या गाडीसाठी मी 'येत आहे' असे दिले होते. 'सुटेल'मधले 'सुट' घ्यायचे. 'येत आहे'मधले 'त आहे' घ्यायचे. मध्ये फक्त एका कात्रीचे अंतर.

पाटी मी ओल्या फडक्याने पुसली. अक्षरे वाचता येणार नाहीत इतकी पुसली आणि मग पुन्हा पुसली. त्याच दिवशी अर्ज केला.

अर्जाबद्दल स्थानकात विचारायला मी रोज जातो. बोलत नसल्यामुळे कागदावर प्रश्न लिहून नेतो. चौकशी खिडकीत नवा कारकून असतो. तो कागद वाचतो आणि त्याला काही माहीत नसल्याचे सांगतो. ते मला पटत नाही. खिडकीच्या या बाजूने बघता पूर्वी मी किती लोकांना असेच परत पाठवले ते ध्यानात येते, पण तो या अर्जाचा विषय नाही.

परत येताना शेवटच्या फलाटाच्या बाजूने येत नाही. भंगार गाड्यांपुढे काही उभे आहे की नाही, हे डबलबेलला खुणेने विचारतो. तो खांदे उडवतो. हल्ली तो बाकावर दुसरीकडे तोंड करून बसतो.

ही दुपारी चपला घालून दाराजवळ बसते. बॅग घरात दिसत नाही, आणि मी शोधत नाही. खूश दिसते. काल ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. मला अलीकडे कमी ऐकू येतं. तिसरी झाली आणि मला कळलं नाही, तर हाताने खूण कराल ना?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे तिने विचारले नाही आणि मलाही सांगता येणार नाही. खिशात माझा रुमाल होता. तो मी मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

आज स्थानकप्रमुख स्वतः भेटले. अर्ज वरच्या कार्यालयाकडे गेला आहे, तिथून अभिप्राय आला की कळवू, असे म्हणाले. तोवर शांत राहा, काका, असेही म्हणाले. त्याप्रमाणे मी शांत आहे. आता दुपार झाली आहे. भोंगा मघाशी करकरला, पण अजून त्यातून शब्द आलेला नाही. घड्याळ तेवढे ऐकू येते आहे, दोन्हीकडून.

हे लिहीपर्यंत अर्जावर निर्णय झालेला नाही. अर्ज विचाराधीन आहे.